मला कसंतरीच होतंय!

बालमित्रांनो, घरातून महत्त्वाच्या कामाला निघताना कुणी शिंकले तर आपल्याकडची मोठी माणसे काय करतात? दारातच थबकतात, घोटभर पाणी पितात आणि मगच बाहेर पडतात. जर्मनीत मात्र तुम्ही शिंकलात की शेजारचा अगदी अनोळखी माणूसही पटकन म्हणेल, "गेझुंटहाइट!" म्हणजे 'आरोग्य!' आणि आपण म्हणायचे, "डांके!" म्हणजे 'आभारी आहे!'

माझ्या जर्मनच्या वहीत आजारपणाचे जे प्रकरण आहे, त्यातला हा पहिला शब्द. शिंकेपासून सुरू झालेले हे प्रकरण पुढे चांगले चाळीस पानांचे झाले. त्यातल्या एका शब्दाने मला एकदा असे तोंडघशी पाडले की विचारू नका. त्याचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याची. आमच्याकडे सगळीकडे द्राक्षांचे मळे. मिरजेला मी नर्सिंग शिकले, काही वर्षे तिथेच नोकरी केली आणि २०२२ साली जर्मनीला आले. व्युर्त्सबुर्ग नावाच्या शहरात एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. निघायच्या आधी आमचे काका म्हणाले होते, "अगं, नर्सला जर्मन कशाला यायला हवं? सुई काय, कुठल्याही भाषेत सारखीच टोचते!"

काकांचे म्हणणे खरे होते, पण अर्धेच. सुई सारखी टोचते, पण कुठे दुखतेय ते माणूस आपापल्या भाषेतच सांगतो. आणि आजारी पडल्यावर तर पुस्तकातली भाषा कुणीच बोलत नाही.

युरोपात भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या मानतात. ए-१ ही पहिली आणि सी-२ ही शेवटची. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी असेल तर साधारणपणे चौथी पायरी, म्हणजे बी-२, चढावी लागते. मग काय, पोतडी उचलली आणि पुणे गाठले. पुण्याला जर्मन शिकण्याची जुनी परंपरा आहे. मॅक्समुल्लर भवन, रानडे इन्स्टिट्यूट ही नावे पुण्याच्या मुलांनी ऐकलीच असतील. मी जात होते तो मात्र एक छोटासा वर्ग होता. बारा जणी आणि आमच्या बाई.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "शब्द पाठ करू नका. शब्द फोडा."

त्यांनी फळ्यावर लिहिले, 'क्रांक' म्हणजे आजारी. 'हाउस' म्हणजे घर. "मग 'क्रांकेनहाउस' म्हणजे काय?"

"आजाऱ्यांचं घर... हॉस्पिटल!" आम्ही ओरडलो.

'वागेन' म्हणजे गाडी, म्हणून क्रांकेनवागेन म्हणजे रुग्णवाहिका. 'श्वेस्टर' म्हणजे बहीण, म्हणून क्रांकेनश्वेस्टर म्हणजे परिचारिका. गंमत पाहा, आपल्याकडेही दवाखान्यात 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात की! जर्मनीत २०२० पासून या पदाचे अधिकृत नाव बदलले आहे, पण वॉर्डातली म्हातारी माणसे अजूनही "श्वेस्टर!" असेच बोलावतात. ती हाक ऐकली की मला क्षणभर मिरजेत असल्यासारखे वाटते.

तुम्ही म्हणाल, हे तर आपले समास झाले. अगदी बरोबर! जर्मन भाषा म्हणजे समासांचे कोठारच. 'श्मेर्त्सेन' म्हणजे वेदना. 'कोप्फ' म्हणजे डोके, म्हणून डोकेदुखी ती कोप्फश्मेर्त्सेन. 'बाउख' म्हणजे पोट. आता पोटदुखीला काय म्हणतील, तुम्हीच सांगा पाहू! 'आर्त्स्ट' म्हणजे डॉक्टर. 'त्सान' म्हणजे दात, म्हणून दातांचे डॉक्टर ते त्सानआर्त्स्ट. 'किंडर' म्हणजे मुले. मग किंडरआर्त्स्ट कोण, हे काही मी सांगत नाही. 'हुस्टेन' म्हणजे खोकला आणि 'झाफ्ट' म्हणजे रस, तेव्हा खोकल्याचे पातळ औषध म्हणजे हुस्टेनझाफ्ट, चक्क खोकल्याचा रस! नावावर जाऊ नका, चव आपल्याकडच्या औषधासारखीच असते.

पुढचा धडा लिंगांचा. जर्मन नामांना तीन लिंगे असतात. 'डेर' म्हणजे तो, 'डी' म्हणजे ती, 'डास' म्हणजे ते. इंग्रजीतून जर्मन शिकणारी मुले इथे रडकुंडीला येतात. आपल्याला मात्र 'तो-ती-ते'ची लहानपणापासून सवय. 'तो दात', जर्मनमध्येही 'डेर त्सान'. 'ती जीभ', 'डी त्सुंगे'. 'ते हृदय', 'डास हेर्त्स'. मी म्हटले, वा, झाले की मग! पण पुढच्याच ओळीला गाडी घसरली. जर्मनमध्ये नाक 'ती' आहे, डोळा 'ते' आहे आणि पोट चक्क 'तो' आहे. आठवडाभर आम्ही वर्गात "माझी नाक चोंदली" आणि "माझा पोट दुखला" असे मराठीतच घोकत होतो. घरमालकीण काकूंना वाटले, पोरींना बहुतेक ताप भरला!

नाकावरून आठवले. जर्मन 'नाझे' आणि आपली संस्कृतातली 'नासिका' जवळजवळ सारखीच वाटते ना? 'फूस' म्हणजे पाऊल आणि आपला 'पाद'. 'क्नी' म्हणजे गुडघा आणि संस्कृतातला 'जानु'. 'आजानुबाहू' या शब्दात तो तुम्हाला भेटला असेल, गुडघ्यापर्यंत हात पोहोचणारा तो आजानुबाहू. हे योगायोग नाहीत बरं का! संस्कृत आणि जर्मन या एकाच प्राचीन भाषाकुळातल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या नातलगांचे नाक सारखे निघावे, तसेच हे.

मग बाईंनी आम्हाला एक खेळ दिला. जर्मन आजाराचे नाव फोडायचे, त्यातले चित्र पाहायचे आणि आपल्याकडे त्याच आजाराला काय म्हणतात ते शेजारी लिहायचे. या खेळाने तर मला वेडच लावले.

सर्दीला जर्मनमध्ये 'एर्केल्टुंग' म्हणतात. त्यात 'काल्ट' म्हणजे थंड हा शब्द लपला आहे. आपला 'सर्दी' हा शब्द फारसीतून आला, आणि तिथेही 'सर्द' म्हणजे थंडच! 'लुंगेनएंट्स्युंडुंग' हा शब्द पाहून आधी धडकी भरते. पण 'लुंगे' म्हणजे फुप्फुस आणि 'त्स्युंडेन' म्हणजे पेटवणे. फुप्फुस पेटणे, म्हणजे न्यूमोनिया. मराठीत अशा सुजेला आपण 'दाह' म्हणतो, म्हणजे तरी दुसरे काय? जळणेच! क्षयरोगाचे जुने जर्मन नाव 'श्विंडझुख्ट', म्हणजे माणूस झिजत झिजत नाहीसा होतो तो रोग. आपल्या 'क्षय' शब्दाचा अर्थही झिजणे हाच आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. आज तिकडे 'टुबेरकुलोझे' हा शब्द वापरतात, जुना शब्द गोष्टींच्या पुस्तकांत उरला आहे.

एकाच जागी बराच वेळ मांडी घालून बसलात की पायाला काय येतात? मुंग्या! जर्मन लोकही म्हणतात 'आमाइझेनलाउफेन', म्हणजे मुंग्यांचे धावणे. हजारो मैलांवरच्या दोन माणसांच्या पायांवरून एकाच मुंग्या धावतात, याचे मला फार नवल वाटले.

काही ठिकाणी मात्र चित्रे निराळी. मोतीबिंदूत आपल्याला मोती दिसला, जर्मनांना नुसता करडा रंग दिसला. ते म्हणतात 'ग्राउअर श्टार', त्यातला 'ग्राउ' म्हणजे करडा. पापणीवर येणाऱ्या रांजणवाडीला ते 'गेर्स्टेनकोर्न' म्हणतात, म्हणजे जवाचा दाणा. पायाच्या कुरूपाला 'ह्युनरआउगे', म्हणजे कोंबडीचा डोळा! आणि वाकल्यावर कमरेत अचानक उसण भरते ना, तिला म्हणतात 'हेक्सेनशुस', म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण! आणखी एक गंमत. रुबेलाला आपल्याकडे 'जर्मन गोवर' असेही म्हणतात. जर्मनीत मात्र तो मुळीच जर्मन नाही, तिथे तो 'र्‍योटेल्न', म्हणजे लाल पुरळ.

काही शब्द सापळे लावून बसलेले असतात. त्यांतला सर्वांत मोठा सापळा म्हणजे 'गिफ्ट'. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! एखाद्या जर्मन मैत्रिणीला वाढदिवसाला "तुझ्यासाठी गिफ्ट आणलंय" असे म्हणालात तर केक राहील बाजूला. भेटवस्तूला तिकडे 'गेशेंक' म्हणतात. 'रेत्सेप्ट' या शब्दाचे दोन अर्थ, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी आणि पदार्थाची कृती. त्यामुळे आईच्या पुरणपोळीचेही रेत्सेप्ट असते.

असे दिवस छान चालले होते. मग एक दिवस बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'मिर'.

"मिर म्हणजे मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही शाळेत इंग्रजी शिकलात, म्हणून मनात आधी इंग्रजी वाक्य करता आणि मग त्याचं जर्मन करता. आजारपणात ही चूक करू नका. इंग्रजीत 'मी थंड आहे' अशा धर्तीवर बोलतात. मराठीत काय म्हणता?"

"मला थंडी वाजते."

"जर्मनमध्येही तसंच. मिर इस्ट काल्ट. मला मळमळतंय, मिर इस्ट श्लेश्ट. मला चक्कर येतेय, मिर इस्ट श्विंडेलिश. माणसाला काही होत असेल तर 'मिर' येणारच. हा शब्द ऐकलात की कान टवकारा. आता आणखी उदाहरणं द्या."

माझा हात आपोआप वर गेला. "बाई, 'मला कसंतरीच होतंय' याला जर्मनमध्ये काय म्हणायचं?"

सगळ्या जणी हसल्या. बाई हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "अचूक शब्द मला आत्ता सुचत नाही. तू तिकडे गेलीस की ऐक, आणि सापडला की मला कळव."

मी ते का विचारले, हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हते. तुम्हाला सांगते.

मी सातवीत होते. सुट्टीचा दिवस होता आणि अंगणात लगोरीचा डाव अगदी रंगात आला होता. आजी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "बाळे, मला कसंतरीच होतंय गं. जरा पाणी आण."

आजीला अधूनमधून 'कसंतरीच' व्हायचे. घरात त्याकडे कुणी फारसे लक्ष देत नसे. मी म्हणाले, "आले गं, एवढा डाव होऊ दे."

डाव संपायच्या आतच आजी स्वतः पाण्यासाठी उठली आणि उंबऱ्यात पडली. खुब्याचे हाड मोडले. मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. काही महिन्यांनी ती काठी घेऊन पुन्हा चालू लागली. पण मला ती त्याबद्दल एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

असो. परीक्षा झाली, कागदपत्रे झाली आणि मी व्युर्त्सबुर्गला पोहोचले. माइन नदीच्या काठचे हे गाव. पलीकडच्या टेकडीवर मारिएनबेर्गचा किल्ला आणि उतारांवर, काय सांगू तुम्हाला, द्राक्षांचे मळे! आमच्या तासगावसारखे मांडव नाहीत, उतारावर उभ्या रांगा आहेत, पण द्राक्षे ती द्राक्षेच. पहिल्या दिवशी ती पाहून माझे डोळे भरून आले.

याच गावात ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत काम करताना एक नवाच किरण सापडला. तो काय आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून गणितातल्या अज्ञात राशीसारखे त्याने त्याला 'एक्स' नाव दिले. आपण म्हणतो 'क्ष-किरण'. जर्मन लोक मात्र त्यांना 'राँटगेन-किरण' म्हणतात, आणि एक्स-रे काढण्याच्या क्रियेलाही 'राँटगेन' हेच क्रियापद वापरतात. म्हणजे त्याने दिलेले नाव आपण जपले आणि त्याच्या देशाने त्याचे नाव जपले! १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले.

तर वॉर्डात माझे काम सुरू झाले. मान्यतेची परीक्षा अजून व्हायची होती, म्हणून एका अनुभवी सहकारी ताईंच्या हाताखाली मी काम करत होते. पहिला धडा मिळाला तो हाक मारण्याचा. आपण म्हाताऱ्या बाईंना प्रेमाने 'आजी' म्हणतो. तिकडे परक्या बाईंना तसे म्हटले तर त्यांना अपमान वाटतो. आडनाव घ्यायचे आणि 'झी' म्हणायचे, म्हणजे आपले 'तुम्ही'. 'डू', म्हणजे 'तू', घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. मी तोंडाने आडनाव घेत असे. मनातल्या मनात मात्र आजीच म्हणत असे. मनावर कुणाचे बंधन?

खिडकीजवळच्या पलंगावर अशाच एक आजी होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "इश हाब त्सुकर." म्हणजे शब्दशः 'मला साखर आहे'. त्यांना मधुमेह होता. आमच्या गावातही "त्यांना शुगर आहे" असेच म्हणतात ना! मला हसू आले, त्यांनाही आले आणि आमची गट्टी जमली.

ऑक्टोबरातली सकाळ होती. आजींना इन्सुलिनचे इंजेक्शन दिलेले होते आणि नाश्त्याचा ट्रे समोर ठेवला होता. पाऊण तासाने मी ट्रे गोळा करायला गेले. तेव्हा आजी हळू आवाजात म्हणाल्या, "श्वेस्टर, मिर इस्ट गान्त्स कोमिश."

'कोमिश'! हा शब्द माझ्या वहीत होता. बाविसाव्या पानावर, माझ्याच अक्षरात. 'कोमिश, म्हणजे विनोदी, गमतीदार.' मला वाटले, आजी काहीतरी गंमत सांगताहेत. आज स्वारी खुशीत दिसते! मी हसून म्हणाले, "श्योन!" म्हणजे 'छान!' आणि ट्रे उचलून चालू लागले.

दारापर्यंत गेले आणि पाय थबकले. आजींनी 'इश', म्हणजे 'मी', म्हटले नव्हते. त्यांनी 'मिर' म्हटले होते. मिर म्हणजे मला. मला... गमतीदार... होतंय?

आणि एकदम कानात आवाज आला. ओट्यावरून आलेला. "बाळे, मला कसंतरीच होतंय गं."

मी गर्रकन मागे वळले. आजींच्या कपाळावर घामाचे थेंब होते. खिडकी उघडी होती, बाहेर गारठा होता आणि त्यांना घाम फुटला होता. चेहरा पांढराफटक. पांघरुणावरचे हात थरथरत होते. मी हातातल्या ट्रेकडे पाहिले. पाव तसाच होता. एक घासही खाल्लेला नव्हता. इन्सुलिन पोटात... नव्हे, अंगात गेले होते आणि अन्न मात्र पोटात गेलेच नव्हते!

मी घंटेचे बटण दाबले आणि ओरडले, "उंटरत्सुकेरुंग!" म्हणजे साखर फार उतरली. ताई धावत आल्या. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेला तर काळजीचे असते. आजी शुद्धीवर होत्या, त्यांना गिळता येत होते, म्हणून ताईंनी त्यांना 'ट्राउबेनत्सुकर' दिली आणि वर फळांचा रस पाजला. ट्राउबेनत्सुकर म्हणजे काय, ठाऊक आहे? 'ट्राउबे' म्हणजे द्राक्ष, 'त्सुकर' म्हणजे साखर. आपली द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज! आयुष्यभर द्राक्षे पाहिली, पण त्यांचे मोल मला त्या दिवशी कळले.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. साखर वर आली होती. आजींच्या गालांवर हळूहळू रंग आला. ताईंनी त्यांना बसवून पाव खायला लावला.

ती पंधरा मिनिटे मी कशी काढली, माझे मला ठाऊक. मी तशीच पुढच्या खोलीत गेले असते तर आजींची शुद्ध हरपली असती. एका शब्दामुळे! बरे, तो शब्द मला येत नव्हता असेही नाही. येत होता, आणि तेच तर वाईट झाले. मुळीच आला नसता तर मी विचारले तरी असते.

मी ताईंना सगळे खरे सांगितले. 'छान' म्हणून निघाले होते, हेसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू परत वळलीस हे महत्त्वाचं. पण पुढच्या वेळी दारापर्यंत जाऊ नकोस. तिथेच विचार."

कसे विचारायचे, तेही त्यांनी शिकवले. "वी माइनेन झी डास?" म्हणजे 'म्हणजे कसं? तुम्हाला काय म्हणायचंय?' मित्रांनो, चाळीस पानांच्या माझ्या वहीत हे चार शब्द नव्हते! आजारांची नावे होती, औषधांची होती, हाडांची होती. न समजल्यावर काय म्हणायचे, तेवढे लिहायचे राहून गेले होते.

दुपारी आजींपाशी गेले आणि त्यांनाही कबूल केले, की 'कोमिश' म्हणजे विनोदी एवढेच मला माहीत होते, म्हणून मी 'छान' म्हणाले. आजींनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि त्या खळखळून हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "डास इस्ट कोमिश!" म्हणजे 'हे मात्र गमतीदार आहे!' मग त्यांनी मला नीट समजावून सांगितले. एखादी गोष्ट कोमिश असली तर ती गमतीदार किंवा विचित्र. पण 'मिर इस्ट कोमिश' म्हणजे, काय होतंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी होतंय. सोप्या भाषेत सांगायचे तर, मला कसंतरीच होतंय!

त्या रात्री मी पुण्याला बाईंना कळवले, "बाई, शब्द सापडला." सापडला कसा, तेही लिहिले. बाईंचे उत्तर आले, "शाबास. मीही माझ्या वहीत लिहून घेतला."

त्यानंतर मी नवी वही केली. जुन्या वहीत दोन रकाने होते, शब्द आणि अर्थ. नवीत तिसरा रकाना आखला, 'कुणाच्या तोंडून ऐकला'. त्यात एका आजोबांचे 'एस गेट शोन' आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'चाललंय की', पण हे आजोबा दुखणे अगदी सहन होईनासे झाले की तसे म्हणत! एका चिमुरडीचा 'त्सीगेनपेटर' आहे, म्हणजे गालगुंड. दुखण्याचे सारे प्रकार आहेत. 'श्टेशेंड' म्हणजे टोचणारे, 'ब्रेनेंड' म्हणजे जळजळणारे, 'क्लोप्फेंड' म्हणजे ठणकणारे. डॉक्टरांना यांतला फरक फार उपयोगी पडतो.

आता एक काम तुमच्यासाठी. आपल्या मराठीत दुखण्याचे शब्द किती आहेत, मोजले आहेत कधी? कळ, चमक, ठणका, मुरडा, उसण, सल, जळजळ, ठुसठुस... घरातल्या मोठ्यांना विचारून यादी वाढवा. तुम्हाला बरे नसेल तेव्हा नुसते "दुखतंय" म्हणून थांबू नका. कुठे, कधीपासून आणि कसे, हे सांगा. आणि आई-बाबांनो, मुलांना नेमका शब्द सापडत नसेल तर "नाटकं करू नकोस" म्हणण्याआधी एकदा विचारा, "म्हणजे कसं होतंय?" हा प्रश्न कुठल्याही भाषेत विचारला तरी चालतो.

परवा आजीचा फोन आला होता. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काठी आहे, पण आवाज खणखणीत. मी तिला खिडकीजवळच्या आजींची गोष्ट सांगितली. लगोरीच्या डावाबद्दलही इतक्या वर्षांनी बोलले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "म्हणजे काय गं, तिकडच्या म्हाताऱ्यांनापण कसंतरीच होतं?"

"होतं गं आजी. अगदी तुझ्यासारखंच."

"मग त्यांना सांग," आजी म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घ्या म्हणावं!"